पुरणयंत्र, दालन क्रमांक चार

आमच्या घरातलं पितळी पुरणयंत्र आमचं नाही, हे सर्वांत आधी एका संगणकाच्या लक्षात आलं. त्याआधी वीस वर्षं ते माझ्या ताब्यात होतं. मी एका वृत्तसंस्थेच्या दिल्ली कार्यालयात मराठी डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम आहे आणि ते मला बरं जमतं, असं कार्यालयात मानलं जातं.

प्रकरण सुरू झालं ते मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. तिथे दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा मराठी मुलांचा वर्ग भरतो. मुलं नऊ ते तेरा वयाची. ती घरात मराठी बोलतात आणि दारात चपला घातल्या की हिंदी. फडताळ, विळी, उंबरठा हे शब्द त्यांना परीक्षेपुरते माहीत असतात. वर्ग बाई घेतात. बाई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या. मुलांची हजेरी त्या फाइलवर शेरा मारावा तशी लिहितात: 'आला. उशिरा. कारण असमाधानकारक.'

जानेवारीत वर्गातल्या एका मुलीचा बाप लॅपटॉप घेऊन आला. तो मूळचा पुण्याचा, गुडगावच्या एका कंपनीत नोकरी करणारा. शाळांसाठी त्यांच्या कंपनीने काहीतरी तयार केलं होतं आणि ते त्याला मराठी मुलांवर वापरून बघायचं होतं.

"बाई, आपण मुलांचं एक व्हर्च्युअल म्युझियम करू या. त्यात एआय गाइड असेल. प्रोसोशल बिहेवियर एकदम डेव्हलप होतं, बिल्कुल."

"मराठीत सांग."

"म्हणजे... मुलं दुसऱ्यांशी चांगली वागतील."

"त्याला म्युझियम कशाला लागतं? मी सांगते ना त्यांना."

"तुम्ही सांगता, पण ती वागतात का?"

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. मागच्या रांगेत दोघे जण एकाच स्वेटरच्या एकाच बाहीत हात घालायचा प्रयत्न करत होते.

"दाखव," बाई म्हणाल्या.

पद्धत सोपी होती. प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू शोधायची, जिच्यामुळे घरच्यांनी कधी कोणाला मदत केली असेल. फोन वस्तूभोवती फिरवायचा. मग त्या वस्तूचं चित्र संग्रहालयाच्या एका दालनात उभं राहायचं आणि पडद्यावर आपण त्या दालनातून चालत जाऊ शकायचो. दाराशी एका बाईचा आवाज भेटायचा. मुलं तिला म्युझियमताई म्हणू लागली. ताई वस्तू ओळखायची, तिच्याबद्दल प्रश्न विचारायची आणि प्रत्येक मुलाला आठवड्यासाठी एक छोटं चांगलं काम द्यायची. काम झालं की मुलाने तिला येऊन सांगायचं.

ताई मराठी शुद्ध बोलायची. कौतुकाची तिच्याकडे टंचाई नव्हती. मुलाने "हा डबा आहे" म्हटलं तरी ती "किती सुंदर निरीक्षण!" म्हणायची.

"सदतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी एकदाही सुंदर म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "हिचं कौतुक निम्मं कर."

गुडगाववाल्याने लॅपटॉपवर काहीतरी बदललं. त्यानंतर ताई "बरं निरीक्षण" म्हणू लागली.

माझी मुलगी या वर्गात आहे. ती बारा वर्षांची आहे. वस्तूंखालच्या पाट्या तपासायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. मी एकच नियम केला. माहिती कोणी दिली हे कळल्याशिवाय पाटी लागणार नाही.

पहिल्या दोन आठवड्यांतल्या चांगल्या कामांची नोंद अशी. एका मुलीने मेट्रोत साधारण पंचेचाळिशीच्या गृहस्थांना उठून जागा दिली. गृहस्थ म्हणाले, "मैं बुड्ढा लगता हूँ?" आणि पुढच्या डब्यात निघून गेले. त्यांना कसं वाटलं असेल, असं ताईने विचारलं. मुलगी म्हणाली, राग आला. ताई म्हणाली, दुसऱ्याची भावना ओळखलीत, बरं झालं. माझ्या मुलीला तहानलेल्या माणसाला पाणी द्यायचं काम मिळालं होतं. तिने सोसायटीच्या फाटकावरच्या गार्डची निवड केली. प्रत्येक पेल्याला ताईकडून एक तारा मिळतो, असं तिच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी गार्डने माझ्या बायकोला थांबवलं. "मैडम, बिटिया को रोकिए. सुबह से आठ गिलास हो गए."

वस्तू म्हणून मुलीने पुरणयंत्र निवडलं, कारण ते ओट्याखालच्या खणात सर्वांत पुढे होतं. ताईने ते चारही बाजूंनी पाहिलं आणि हे हाताने कॉफी दळायचं यंत्र असावं, असं सांगितलं.

"आई, ताई म्हणते कॉफी."

"तिला म्हणावं होळीला ये, पाजते," बायको म्हणाली. मग तिने फोनमध्ये तोंड घालून ताईला पुरणयंत्र म्हणजे काय ते समजावलं. शिजलेली डाळ वरून घालायची, दांडा फिरवायचा, पुरण खालच्या भोकांतून बाहेर येतं. ताईने आभार मानले.

पाटी लिहायला मी कागद घेतला.

"कोणाचं आहे हे?"

"तुझ्या आईचं," बायको म्हणाली.

"आईने कधी दिलं?"

"मला काय माहीत? लग्न करून आले तेव्हा तुझ्या खोलीवर होतं. ऑफिसच्या कागदांच्या खोक्यात, तळाशी. एकट्या पुरुषाच्या खोलीत पुरणयंत्र! मला वाटलं, सासूबाईंनी सुनेसाठी आधीच पाठवून ठेवलंय. मला तर भरून आलं होतं."

मी आईला फोन केला. आई म्हणाली, तिचं पुरणयंत्र तिच्याकडेच आहे आणि जिवंत असेपर्यंत ते ती कोणाला देणार नाही. मी पाटीवर 'मूळ मालक: कुटुंबातील ज्येष्ठ' असं लिहून मजकूर पुढे पाठवला. कार्यालयात मी असं कोणाला करू देत नाही.

ताईने ते स्वीकारलं नाही. दांड्याखालच्या काठावर अक्षरं कोरलेली दिसतात, वस्तू स्वच्छ केलीत तर वाचता येतील, असं तिने मुलीला कळवलं. मंगळवारी शाळेला सुटी होती. मुलीने बाल्कनीत उन्हात बसून चिंच आणि मीठ लावून अर्धा तास काठ घासला. काळ्या पितळेखालून भांड्यांच्या दुकानात घालतात तसं ठिपक्याठिपक्यांचं नाव वर आलं. ते बाईंचं होतं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आणि शेवटी माहेरचं गाव.

"आपल्या बाई?" मुलगी म्हणाली. "मग आपल्याकडे कसं?"

मला आठवायला पाच मिनिटं लागली.

वीस वर्षांपूर्वी मी दिल्लीत नवा होतो आणि एकटा होतो. दर गुरुवारी मी बाईंच्या एका मैत्रिणीकडे जेवायला जायचो. त्या दक्षिण दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. त्या आणि बाई एकाच मंत्रालयात होत्या. एका चार्टर्ड बसने जायच्या, शेजारशेजारच्या टेबलांवर बसायच्या आणि दुपारी दोघींचे डबे एकत्र उघडायच्या. मैत्रिणीने भाचीच्या बारशासाठी बाईंचं पुरणयंत्र नेलं होतं. होळीआधीच्या गुरुवारी जेवण झाल्यावर त्यांनी ते कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

"शनिवारी तू कोपर्निकस मार्गावर सदनाच्या कँटीनमध्ये जेवायला जातोस ना? ती पण येते. जाताजाता देऊन टाक. तिला होळीला लागेल."

दिल्लीत त्या काळी मराठी माणसांच्या वस्तू अशाच फिरायच्या. कोणी पुण्याहून येणारं असलं की गोडा मसाला यायचा. कोणी जाणारं असलं की स्वेटर जायचे. पावती नसायची. निरोप असायचा.

मी पिशवी कार्यालयात टेबलाखाली ठेवली. शुक्रवारी मंत्रिमंडळात फेरबदलाच्या बातम्या सुरू झाल्या आणि शनिवारी मी सदनात गेलो नाही. पुढच्या शनिवारीही नाही. गुरुवारचं जेवणही सुटलं. काही आठवड्यांनी बाईंचा कार्यालयात फोन आला. तिने तुझ्याकडे माझ्यासाठी काही दिलं होतं का, असं त्यांनी विचारलं. माझ्यासमोर अर्धवट बातमी होती. मी म्हणालो, नाही. पुढे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर गेलं, टेबलाखालचं सगळं एका खोक्यात भरलं गेलं आणि खोकं माझ्या खोलीवर आलं. ते मी उघडलं नाही. बायकोने उघडलं.

त्या होळीनंतर बाई आणि त्यांची मैत्रीण एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. हे दिल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला दोघी हॉलच्या दोन टोकांना बसायच्या आणि यजमानीण तबक घेऊन दोनदा फिरायची. मैत्रीण निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात दोघी आजही आहेत. एकीने सकाळी फुलांचं चित्र टाकलं की दुसरी ते पाहते, पण त्यावर काही लिहीत नाही. भांडण कशावरून झालं, हे मी एकदा ऐकलं होतं: काहीतरी भांड्यावरून. विषय मला फारच किरकोळ वाटला आणि मी पुढे विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. बाईंचे यजमान गेले तेव्हापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, बाई होळीला आमच्याकडे जेवायला येतात. दर वर्षी त्या बायकोला विचारतात, "पुरण इतकं मऊ कसं गं होतं तुझं? कशात वाटतेस?" आणि बायको म्हणते, "आहे एक जुनं, सासूबाईंचं."

"आत्ता फोन कर त्यांना," बायको म्हणाली.

"फोनवर बरं दिसत नाही. रविवारी समक्ष सांगतो."

रविवारी सगळ्या पालकांना संग्रहालय दाखवायचं होतं.

"सगळ्यांसमोर?"

"आधी एकटं गाठून."

दरम्यान मी पाटी नव्याने लिहिली. 'काही अपरिहार्य कारणांमुळे ही वस्तू मूळ मालकांपर्यंत पोहोचू शकली नाही.' बायकोने ती वाचली.

"कोणी पोहोचवली नाही?"

"ते पुढे येईल."

"पुढे कुठे? पाटी संपली की इथे."

मी गुडगाववाल्याला फोन करून दालन क्रमांक चारमधली वस्तू काढता येईल का, असं विचारलं. तो म्हणाला, काढू की, पण तुमच्या मुलीचं या आठवड्याचं काम त्या वस्तूला जोडलेलं आहे. ताईने तिला वस्तू मालकापर्यंत पोहोचवायला आणि त्यांना काय वाटलं ते विचारायला सांगितलं होतं. मी मुलीला दुसरी वस्तू सुचवली. घरात एक जुना कंदील होता.

"नाही बाबा. मी प्रॉमिस केलंय."

"कोणाला? यंत्राला?"

"तू कोणाला केलं होतंस?"

मी कंदील परत माळ्यावर ठेवला.

रविवारी मी साडेनऊला हॉलवर पोहोचलो. बाई दाराशीच होत्या. "बाई, एक मिनिट बोलायचं होतं." "नंतर. त्या खुर्च्या घे." मी खुर्च्या मांडल्या. मग पुन्हा गेलो. प्रोजेक्टरची वायर पुरत नव्हती आणि बाई सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनशी हिंदीत भांडत होत्या. मग पोह्यांचं पातेलं आलं आणि ते कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला. दहा वाजता दिवे मालवले गेले. मी बाईंना काहीही सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या दालनात एक थर्मास होता, जो शेजारच्या तीन आजाऱ्यांबरोबर दवाखान्यात राहून आला होता. दुसऱ्यात एक घडीची खाट होती आणि गेल्या तीस वर्षांत तिच्यावर झोपलेल्या पाहुण्यांची यादी. तिसऱ्यात शिवणयंत्र. पालक टाळ्या वाजवत होते. चौथ्या दालनाचं दार उघडलं आणि भिंतीवर पुरणयंत्र हळूहळू फिरू लागलं. चिंचेने घासलेला काठ सोन्यासारखा दिसत होता. बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे पुरणयंत्र आहे," ताई म्हणाली. "याच्या काठावर मालकाचं नाव कोरलेलं आहे. वाचून दाखवू का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी सांगतो."

मी सांगितलं. कोणी दिलं, कोणाकडे द्यायचं होतं, कधी आणि का राहिलं. दीड मिनिटात सांगून झालं.

"मी तुला फोन केला होता," बाई म्हणाल्या. त्या भिंतीकडेच पाहत होत्या.

"हो."

"तू नाही म्हणालास."

"हो."

"मी म्हटलं, नीट आठवून बघ. तू म्हणालास, आठवायचंय काय त्यात, दिलंच नाही तर."

"हे मला आठवत नाही, बाई."

"मला आठवतं."

ताईने पुढचा प्रश्न घेतला. "या वस्तूच्या मालकाला आत्ता कसं वाटत असेल?"

मागून एका मुलाचा आवाज आला, "राग."

"बरं निरीक्षण," ताई म्हणाली.

"हिला गप्प कर," बाई म्हणाल्या. गुडगाववाल्याने लॅपटॉप मिटला. पुरणयंत्र भिंतीवरून गेलं. बाईंनी पर्समधून फोन काढला, मंडळाच्या गटातला तो नंबर शोधला आणि लावला. बाईंना फोन कानाला लावून नीट ऐकू येत नाही. त्या कायम स्पीकरवर बोलतात. त्या दिवशीही बोलल्या.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"मी बोलतेय."

"नाव दिसतंय. कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. पुरणयंत्र सापडलं."

पलीकडे पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते.

"कुठे?"

"पत्रकाराकडे."

"मग मी काय सांगत होते? त्याच्याबरोबर पाठवलं, असं सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतंस."

"मग तू काय म्हणालीस?"

बाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"सांग ना. काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले, तो दिवसभर खरंखोटं तपासतो. तो कशाला खोटं सांगेल?"

"म्हणजे मी सांगेन."

फोन बंद झाला. बाईंनी पुन्हा लावला. तो उचलला गेला नाही.

पोहे खाल्ले गेले. लोक माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त नम्रपणे बोलत होते. एक गृहस्थ म्हणाले, "होतं यार असं," आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. बायको म्हणाली, "खुर्च्या उचल."

सोमवारी बाईंचा मला फोन आला. "एक पान लिहून दे. काय झालं ते. 'पोहोचू शकली नाही' असलं काही नको. 'मी'पासून सुरू कर."

मी लिहून नेलं. बायको बरोबर होती. बाईंनी लाल पेन काढलं. "'अनवधानाने' काढ." दुसऱ्या मसुद्यावर त्या म्हणाल्या, "'बहुधा' कोणासाठी आहे?" तिसऱ्यातून त्यांनी मंत्रिमंडळाचा फेरबदल काढला. "त्या मंत्र्यांचा काय संबंध?" चौथ्या मसुद्यात चार वाक्यं उरली. मी त्यांच्याकडून पुरणयंत्र घेतलं. मी ते पोहोचवलं नाही. मला विचारलं तेव्हा मी आठवून न बघता नाही म्हणालो. त्यांनी सांगितलं ते खरं होतं. मी सही केली. बाईंनी कागद स्वतःकडे ओढला आणि खाली लाल शाईत पाचवं वाक्य लिहिलं: 'मी तुझं ऐकायला हवं होतं.' त्याखाली त्यांनी सही केली.

"हे पोस्टाने पाठवू?" मी विचारलं.

"नको. मी घेऊन जाते."

"त्यांना कळवलंय?"

"फोन उचलत नाही ती. दारात उभी राहीन."

"आणि दार उघडलं नाही तर?" माझ्या बायकोने विचारलं.

"तर कोथरूडला बहीण आहे. पण तिच्याकडे पुरणपोळी चांगली होत नाही."

इकडे वर्गातल्या घरांमध्ये वेगळंच सुरू झालं होतं. त्या रविवारी घरी गेल्यावर बहुतेकांनी आपापली भांडी उलटी करून नावं वाचली. पुढच्या आठवडाभरात मुलं पिशव्या घेऊन सोसायट्यांमधून फिरत होती. मंडळाच्या अध्यक्षांच्या घरातून चार कुटुंबांचे पाच डबे निघाले. मेट्रोत जागा देणारी मुलगी एक कढई घेऊन वसुंधरा नावाच्या उपनगरात गेली. ती कढई तिच्या आजीने शिरा करायला म्हणून तिथून मागून आणली होती. अर्थात कोणतंही भांडं रिकामं परत गेलं नाही. त्यात वड्या गेल्या, चिवडा गेला. आणि तो चिवडा ज्या डब्यात काढून घ्यायचा तो डबा घरात नसल्यामुळे काही भांडी आणखी दोन दिवस तिकडेच राहिली. ताई प्रत्येकाला विचारायची, काम पूर्ण झालं का? मुलं प्रामाणिकपणे सांगायची, नाही, आता त्यांची वाटी आमच्याकडे आहे. गुडगाववाला म्हणाला, त्यांच्या कंपनीच्या कुठल्याच शाळेत एवढी अपूर्ण कामं साचलेली नाहीत, आणि मुलं मात्र एवढी कामाला लागलेलीही त्याने कुठे पाहिली नाहीत. अहवालात हे कसं लिहायचं, असं त्याने मला विचारलं. मी सल्ला द्यायचं टाळलं.

माझ्या मुलीचं कामही अपूर्ण होतं. पुरणयंत्र तिने स्वतः बाईंच्या घरी नेऊन दिलं होतं, पण त्यांना काय वाटलं, हे विचारायचं राहिलं होतं. तिने दारातच विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "अजून काही वाटलेलं नाही. पुण्याहून आले की सांगते." ताईने त्या नोंदीपुढे 'प्रतीक्षेत' असं लिहिलं.

होळीच्या चार दिवस आधी बाई पुरणयंत्र घेऊन निजामुद्दीनहून गाडीत बसल्या. त्यानंतर त्यांचा काहीच निरोप नव्हता. त्या रविवारी वर्ग मी घेतला. मुलांनी 'बाई कधी येणार' असं तीनदा विचारलं. मी तीनदा 'माहिती उपलब्ध नाही' असं सांगितलं. बायको रोज विचारायची, "कोथरूडला गेल्या असतील का रे?" कोथरूडच्या बहिणीचा नंबर आमच्याकडे नव्हता. होळीच्या आदल्या दिवशी बायकोने पुरण मिक्सरमध्ये वाटलं. ते सैल झालं.

होळीच्या दिवशी दुपारी बाराला बाईंचा फोन आला.

"दार उघडलं तिने," बाई म्हणाल्या. "कागद दारातच वाचला. मग चष्मा आणायला आत गेली. मला म्हटलंसुद्धा नाही की ये. बाहेर येऊन पुन्हा वाचला. मग म्हणाली, शेवटची ओळ तुझी आहे, अक्षर कळतं. मी म्हटलं, हो. म्हणाली, वीस वर्षं लागली एक ओळ लिहायला. मी म्हटलं, हो. मग म्हणाली, आत ये, गॅसवर डाळ आहे."

"मग आता बोलता तुम्ही?"

"बोलतो कसल्या, भांडतोय. ती म्हणते गूळ कमी पडला. तीस वर्षं ती कमीच घालते. तुझ्या मुलीला सांग, मला बरं वाटलं. तिच्या त्या म्युझियमवालीला कळवायचंय ना. आणि वर्गाला सांग, मी पुढचे दोन रविवार येत नाही."

"दोन? तिकीट तर गुरुवारचं होतं ना?"

"रद्द केलं."

मागून दांडा फिरवल्याचा करकर आवाज येत होता. तो थांबला.

"मुलांना कारण काय सांगू?" मी विचारलं.

पलीकडून, फोनपासून लांबून, तो दुसरा आवाज आला.

"अगं, त्याच्याजवळ कसला निरोप देतेस? मुलीला बोलाव फोनवर."

मी मुलीला बोलावलं.